गिअर ऑइल बघायचं तरी कुठून?

मागच्या अंकात पावसाळ्याआधी गाडीची कोणकोणती ऑइलं तपासायची त्यावर लिहिलं होतं. त्यात गिअर ऑइलला दोनच ओळी दिल्या होत्या आणि नेमकी त्याच दोन ओळींवर सगळ्यात जास्त पत्रं आणि मेसेज आले. साहजिक आहे, इंजिन ऑइलला डिपस्टिक आहे, डॅशबोर्डवर लाल दिवा आहे, कूलंटची बाटली बॉनेट उघडलं की समोर दिसते, आणि गिअर ऑइलला बहुतेक गाड्यांमध्ये यातलं काहीच नाही, त्यामुळे ते आहे हेच लोकांच्या लक्षात राहत नाही. म्हणून या वेळी सगळे प्रश्न त्याचेच घेतलेत. पत्रं थोडी कापलीत, गावाचं नाव ठेवलंय, माणसाचं नाही.

प्रश्न, इस्लामपूरहून: दादा नमस्कार. माझी वॅगनआर २०१६ ची, पेट्रोल, हाताचे गिअर, ६८ हजार किमी झालेत. तुम्ही लिहिलं गिअर ऑइलची लेव्हल बघा, पण बॉनेट उघडलं तर डिपस्टिक एकच दिसते आणि ती इंजिनची. मग बघायचं कुठून? आमचा मेकॅनिक म्हणतो दर वर्षी ऑइल बदलतोय ना, गिअरचं वेगळं काय करायचंय, बाइकला कुठं वेगळं असतं. खरंय का हे?

उत्तर: बाइकपुरतं त्यांचं बरोबर आहे. स्प्लेंडर घ्या, पल्सर घ्या, इंजिन, क्लच आणि गिअर तिन्ही एकाच ऑइलमध्ये फिरतात, ते एक बदललं की सगळ्यांचं बदललं. कारमध्येही हा प्रयोग झालेला आहे, १९५९ साली ब्रिटनमध्ये जी मिनी आली तिच्यात जागा वाचवायला गिअरबॉक्स इंजिनाच्या खाली चेंबरमध्येच बसवला होता आणि दोघांना ऑइल एकच. पण तुमच्या वॅगनआरमध्ये तसं नाही. तिचा गिअरबॉक्स म्हणजे इंजिनाच्या शेजारी बसवलेला स्वतंत्र बंद डबा, त्याचं ऑइल वेगळं, जाडी वेगळी, त्यातली रसायनं वेगळी, आणि इंजिन ऑइल दहा वेळा बदललं तरी तिकडे एक थेंब जात नाही. म्हणजे तुमच्या गाडीत पहिल्या दिवशी कारखान्यात भरलेलं गिअर ऑइलच अजून असण्याची दाट शक्यता आहे.

आता बघायचं कुठून. गिअरबॉक्सच्या अंगाला, साधारण मध्यावर, एक बूच असतं. तेच भरायचं आणि तेच लेव्हलचं. दुसरं बूच अगदी तळाला, ते ऑइल काढायचं. वरचं बूच उघडलं की ऑइल त्या भोकाच्या खालच्या काठापर्यंत आलेलं असलं पाहिजे, बास, हीच लेव्हल. करंगळी आत घालून पेराशी वाकवायची, टोकाला लगेच ऑइल लागलं तर ठीक, थोडं ओघळलं तरी ठीक, आणि बोट कोरडं निघालं तर कमी आहे. काही गाड्यांना हे लेव्हलचं बूच नसतंच, तिथे सगळं ऑइल काढून मापाने परत भरणं हाच मार्ग असतो, म्हणून आधी गाडीसोबत आलेलं पुस्तक उघडून बघा.

पण हे काम गाडी सपाट असताना करायचं आणि इथेच घरी करणारे चुकतात. पुढची एक बाजू जॅकवर उचलून बूच उघडलं तर गाडी तिरकी, ऑइल एका अंगाला, आणि लेव्हल खोटी दिसते. शिवाय नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली डोकं घालायचं नाही, मागच्या चाकाला दगड लावला असला तरी नाही. लिफ्ट असलेलं किंवा खड्डा असलेलं गॅरेज गाठा, पंधरा मिनिटांचं काम आहे. गाडी नुकतीच चालवून आणली असेल तर दहा-पंधरा मिनिटं थांबा, ऑइल खाली उतरू द्या आणि सायलेन्सरचा पाइपही जरा निवू द्या.

आणि एक गोष्ट मेकॅनिकच्या बाजूला उभं राहून बघाच. ऑइल बदलायचं असेल तर आधी वरचं बूच ढिलं करून घ्यायचं, ते सुटतंय याची खात्री झाली की मगच तळाचं उघडायचं. मी शिकत होतो त्या गॅरेजात एका पोराने घाईत आधी खालचं उघडलं, ऑइल सगळं घमेल्यात, आणि वरचं बूच इतकं गंजून बसलेलं की त्याची खाचच गोल झाली. गाडी दोन दिवस रिकाम्या गिअरबॉक्सने उभी, गिऱ्हाइकाच्या घरी लग्न. तेव्हापासून मी हा क्रम कधी मोडलेला नाही. बुचाखालचा वॉशर नवा घालायचा, तांब्याचा किंवा ॲल्युमिनियमचा असतो आणि एकदा दबला की परत नीट बसत नाही. बूच अंदाजाने जोर लावून आवळायचं नाही, गिअरबॉक्स ॲल्युमिनियमचा असतो, आटे गेले तर खर्च कितीतरी पट.

आता या सगळ्यातली महत्त्वाची गोष्ट. गिअर ऑइल जळत नाही. इंजिन ऑइल थोडं जळतं, हजारेक किलोमीटरनंतर जरासं खाली गेलं तर आपण टॉपअप करतो आणि विसरतो. गिअरबॉक्समध्ये आग नाही, धूर नाही, तिथलं ऑइल कमी झालं म्हणजे ते कुठूनतरी बाहेर गेलंय. त्यामुळे लेव्हल कमी निघाली तर नुसतं भरून घरी येऊ नका, गळती कुठे आहे ते शोधायला सांगा. बहुतेक वेळा एक्सल जिथे गिअरबॉक्समध्ये घुसतात तिथली सीलं असतात, कधी रिव्हर्स स्विच, कधी क्लचच्या बाजूचं सील, आणि हे शेवटचं असेल तर ऑइल क्लच प्लेटवर येतं आणि क्लच स्लिप होतो, मग माणूस क्लच प्लेट बदलतो, सील तसंच ठेवतो आणि सहा महिन्यांनी परत तेच.

ऑइल कोणतं घालायचं ते पुस्तकात लिहिलेलं असतं, ७५डब्ल्यू-८० किंवा ७५डब्ल्यू-९० असा काहीतरी जाडीचा आकडा, आणि त्याच्यापुढे ऑइलचा प्रकार, जीएल-४ की जीएल-५. दुकानात सांगतील की पाच चारपेक्षा भारी. तसं नाहीये. जीएल-५ मध्ये गंधक-फॉस्फरसची रसायनं जास्त असतात, ती बोलेरोसारख्या गाड्यांच्या मागच्या हाउसिंगमधल्या (मागच्या दोन चाकांच्या मधल्या डब्यातल्या) क्राउन-पिनियन या दातेरी चाकांसाठी बनवलेली, तिथे दाताला दात प्रचंड दाबाखाली घासतात. हाताच्या गिअरबॉक्सात सिंक्रो रिंगा (गिअर टाकताना आतल्या चाकांचा वेग जुळवणाऱ्या कड्या) बहुधा पितळेच्या असतात आणि हीच रसायनं कालांतराने पितळ खाऊ शकतात, शिवाय ऑइल जास्त निसरडं झालं की रिंगेला पकड मिळत नाही आणि गिअर टाकताना घास लागतो. पुस्तकात चार लिहिलं असेल तर चारच. तुमची नऊ-दहा वर्षं झालेली असल्यामुळे मी लेव्हल बघत बसणार नाही, सरळ बदलून घ्या, छोट्या गाडीला साधारण दोन-अडीच लिटर लागतं. काढलेलं ऑइल फेकायच्या आधी तळाच्या बुचाचं चुंबक बघा. त्यावर राखाडी लोण्यासारखा लेप असेल तर ती नेहमीची झीज. बोटाला टोचणारे तुकडे लागले तर मात्र ते कागदात बांधून ठेवा आणि जाणत्या माणसाला दाखवा.

प्रश्न, नाशिकहून: मी गेल्या वर्षी पहिल्यांदा ऑटोमॅटिक गाडी घेतली, एएमटी. कसारा घाटात ट्रॅफिकमध्ये चढावर गाडी हळूहळू पुढे घेताना जळका वास आला. एका व्हिडिओत पाहिलं की ऑटोमॅटिकचं लाल ऑइल कमी झालं की असं होतं, म्हणून एटीएफची एक लिटरची बाटली आणून ठेवलीय. ती कुठे ओतायची?

उत्तर: ताई, ती बाटली बंदच ठेवा आणि दुकानदार परत घेत असेल तर देऊन टाका. तुमची गाडी चालवायला ऑटोमॅटिक आहे पण आतून ती हाताच्या गिअरचीच आहे. तोच गिअरबॉक्स, तोच क्लच, फक्त क्लच दाबायला आणि गिअर टाकायला तुमच्या पायाहाताऐवजी एक यंत्र बसवलंय. आपल्याकडे हे २०१४ मध्ये सेलेरिओबरोबर आलं आणि मग बऱ्याच कंपन्यांनी आणलं. त्यामुळे आत गिअर ऑइलही हाताच्या गाडीचंच असतं आणि ते वरच्या उत्तरात सांगितलं तसंच बुचातून बघायचं. लाल एटीएफ पातळ असतं, ते या गिअरबॉक्सला चालत नाही.

काही एएमटींमध्ये गिअर टाकणारं यंत्र हायड्रॉलिक असतं आणि त्याची स्वतःची छोटी टाकी आणि स्वतःचं वेगळं ऑइल असतं, बॉनेटखाली बघितलं तर ब्रेक ऑइलच्या डबीसारखी आणखी एक डबी दिसेल. तिच्यावर कमी-जास्तच्या खुणा असतात. ती सर्व्हिसला दाखवून घ्या पण स्वतः काही ओतू नका, त्या सिस्टिमला ब्रेक ऑइल किंवा दुसरं काही गेलं तर तिची सीलं फुगून निकामी होतात. काहींमध्ये हे यंत्र विजेच्या मोटरवर चालतं, तिथे डबी नसते.

तुम्हाला आलेला वास बहुतेक क्लच प्लेटचा आहे, ऑइलचा नाही. चढावर ॲक्सिलरेटरवर गाडी धरून ठेवली की क्लच अर्धवट लागलेला राहतो आणि घासून तापतो. आतल्या आत यंत्र तेच करतंय हे तुम्हाला पायाला जाणवत नाही इतकाच फरक. घाटात पुढच्या गाडीला गाडीभर अंतर जाऊ द्या, मग एकदम पुढे व्हा आणि परत ब्रेकवर थांबा. जास्त वेळ थांबायचं असेल तर न्यूट्रल आणि हँडब्रेक.

प्रश्न, न्यू जर्सीहून: मी मूळची सांगलीची, इथे सहा वर्षं आहे. सेकंडहँड २००७ ची कोरोला घेतलीय, खरी ऑटोमॅटिक, एक लाख तीस हजार माइल झालेत. हिला गिअरबॉक्सची डिपस्टिक आहे. पण सकाळी बघितलं तर कमी दाखवते आणि ऑफिसहून आल्यावर बघितलं तर बरोबर. नक्की कोणतं खरं? आधीच्या मालकाने ऑइल कधी बदललं माहीत नाही. इथला एक मेकॅनिक मशीनने फ्लश करू म्हणतो, दुसरा म्हणतो हातच लावू नका, लावलात तर गिअरबॉक्स जाईल. बाबांना फोन केला तर ते म्हणाले आमच्या गाडीला असलं काही नव्हतंच.

उत्तर: डिपस्टिक असलेली ऑटोमॅटिक मिळाली हे चांगलं झालं, आता नव्या गाड्यांतून ती जवळजवळ गेलीच आहे. तुम्ही घेतलेली दोन्ही मापं आपापल्या जागी खरी आहेत. एटीएफ तापलं की फुगतं, म्हणून त्या पट्टीवर थंड आणि गरम अशा दोन वेगळ्या खुणा असतात आणि भरवसा ठेवायचा तो गरमच्या खुणेवर. टोयोटाच्या हिशेबाने गरम म्हणजे ऑइल ७० ते ८० अंश सेल्सिअसला असताना. घराभोवती एक चक्कर मारून ते तेवढं तापत नाही, वीस-पंचवीस मिनिटं तरी नीट चालवून आणा, तुमच्याकडच्या हिवाळ्यात जास्तच.

मग गाडी सपाट जागी उभी करायची, हँडब्रेक ओढायचा, इंजिन चालूच ठेवायचं, पाय ब्रेकवर ठेवून लिव्हर पी पासून आर, एन, डी करत खाली न्यायचा, प्रत्येक ठिकाणी दोन-तीन सेकंद थांबायचं आणि परत पी मध्ये आणायचा. असं केल्याने आतल्या सगळ्या वाटांमध्ये ऑइल भरतं. आता इंजिन चालू असतानाच पट्टी काढा, धागे न सुटणाऱ्या फडक्याने पुसा, पूर्ण आत घाला, परत काढा आणि दोन्ही बाजूंनी बघा, जी बाजू कमी दाखवते ती धरायची. ओढणी, लांब बाही पट्ट्यांपासून आणि पंख्यापासून लांब, आणि त्या वेळी गाडीत लहान मूल बसलेलं नको, लिव्हरला धक्का लागला तर गाडी तुमच्याच अंगावर येईल. एक लक्षात ठेवा, ही पद्धत टोयोटाची झाली. बऱ्याच जुन्या होंडांमध्ये इंजिन बंद करून मिनिट-दीड मिनिटाच्या आत बघायचं असतं. मैत्रिणीच्या गाडीचं बघताना तिचं पुस्तक बघा.

कमी निघालं तर डिपस्टिकच्याच नळीतून बारीक नरसाळं लावून भरायचं, एका वेळी पावशेर म्हणजे दोनेकशे मिलिपेक्षा जास्त नाही, आणि दर वेळी परत बघायचं. जास्त झालं तर तेही वाईट, फिरणारे भाग ऑइल घुसळतात, फेस होतो, पंपात हवा जाते, दाब पडतो आणि गिअर स्लिप होतात, म्हणजे कमी असल्यावर जे होतं तेच. कोणतं एटीएफ ते बऱ्याचदा त्या पट्टीवरच कोरलेलं असतं. टोयोटाची टाइप टी-४ आणि डब्ल्यूएस ही दोन वेगळी ऑइलं आहेत, एकाच्या जागी दुसरं घालायचं नाही.

लेव्हलपेक्षा मी रंग आणि वास जास्त बघतो. पांढऱ्या टिश्यूवर एक थेंब टाका. नवं एटीएफ कोकमाच्या आगळासारखं लाल आणि पारदर्शक असतं, हा रंग फक्त ओळखीसाठी घातलेला असतो, म्हणजे खाली थेंब पडला तर इंजिनचं की गिअरचं ते कळावं. तपकिरी झालं तर म्हातारं झालंय, बदलायचं. काकवीसारखं काळं आणि करपल्याचा वास, म्हणजे आतल्या क्लचांचं अस्तर जळतंय. आणि सोलकढीसारखं गुलाबी दुधाळ झालं असेल तर गाडी सुरू करू नका, टो करून न्या, कारण अशा गाड्यांत एटीएफ थंड करायची नळी रेडिएटरच्या टाकीतूनच जाते, ती आत फुटली की कूलंट ऑइलमध्ये येतं आणि क्लचांच्या अस्तराचा गोंद सुटतो. (या ऑइलमध्ये पकड नेमकी राहावी म्हणून अमेरिकेत पूर्वी स्पर्म व्हेल या देवमाशाचं तेल घालत. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यावर तिथे बंदी आली आणि कंपन्यांना ऑइलची अख्खी पाककृती नव्याने शोधावी लागली. मला हे कळलं तेव्हा फार वाईट वाटलं होतं, एका गिअरबॉक्ससाठी देवमासा.)

आता दोन मेकॅनिकांचं भांडण. फ्लश नको म्हणणारा पूर्ण चुकीचा नाही. खूप वर्षं न बदललेल्या गाडीत क्लचांचं अस्तर झिजून त्याची पूड ऑइलमध्ये तरंगत असते, मशीनने जोराने सगळं धुतलं की साठलेला गाळ सुटून बारीक वाटांमध्ये आणि व्हॉल्व्हमध्ये अडकू शकतो. पण हातच लावू नका हेही मला पटत नाही, करपलेल्या ऑइलवर गाडी चालवत राहणं म्हणजे गिअरबॉक्स मरायची वाट बघणं. मधला मार्ग घ्या. तळाचं बूच उघडून जेवढं निघेल तेवढंच काढायचं, तेवढंच मोजून नवं भरायचं. निम्म्याहून कमीच निघेल, बाकीचं टॉर्क कन्व्हर्टरमध्ये (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणाऱ्या ऑइलने भरलेल्या भागात) राहतं, राहू दे. हजारेक माइल चालवा, परत तेच करा, मग आणखी एकदा. तीन वेळात बरंचसं नवं झालेलं असेल आणि गिअरबॉक्सला धक्काही बसलेला नसेल. हे मात्र रंग लाल-तपकिरी असेल आणि गिअर नीट पडत असतील तरच. पी मधून डी मध्ये टाकल्यावर दोन सेकंद काहीच होत नाही आणि मग धाडकन लागतो, असं आधीपासूनच होत असेल तर ऑइल बदलून ते दुरुस्त होईल अशी आशा ठेवू नका. आणि बाबांना सांगा, त्यांच्या गाडीलाही होतं, बुचामागे.

प्रश्न, चिपळूणहून: साहेब, माझी बोलेरो आहे. २०२१ च्या जुलैच्या पुरात ती वर टेकडीवर नेल्यामुळे वाचली, पण या वर्षी रस्त्यावर साठलेल्या पाण्यातून दोनदा काढावी लागली, अर्धं चाक बुडेल एवढं पाणी. इंजिनात पाणी गेलं नाही, गाडी बंद पडली नाही. इंजिन ऑइल बघितलं, स्वच्छ आहे. आणखी काही बघायला पाहिजे का?

उत्तर: पाहिजे, आणि लवकर. अर्धं चाक बुडलं म्हणजे मागचं हाउसिंग पाण्याखाली गेलं होतं. बोलेरो, स्कॉर्पिओ, जुनी सुमो, इनोव्हा अशा मागच्या चाकांना ताकद देणाऱ्या गाड्यांत पुढे गिअरबॉक्स आणि मागे दोन चाकांच्या मध्ये क्राउनचं हाउसिंग अशी दोन वेगळी ठिकाणं, दोन वेगळी ऑइलं आणि दोन वेगळी बुचं असतात. लोक पुढचं बघतात, मागचं विसरतात. फोर बाय फोर असेल तर आणखी दोन, ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा डबा) आणि पुढचं हाउसिंग.

पाणी आत जातं कसं ते समजून घ्या. चालून चालून हाउसिंग तापलेलं असतं, आतली हवाही गरम. गाडी थंड पाण्यात शिरते, हाउसिंग एकदम गार पडतं, आतली हवा आकसते आणि बाहेरचं ओढून घेते, जिथून मिळेल तिथून, वरच्या ब्रीदरमधून (हवा यायच्या-जायच्या भोकातून) किंवा सीलच्या ओठातून. हवा यायला हवी होती तिथे पाणी येतं. म्हणून पाण्याच्या अलीकडे थांबता येत असेल आणि जागा सुरक्षित असेल तर गाडी थोडी निवू देऊन मग घालावी असं जुने ड्रायव्हर करतात, त्याला हे कारण आहे.

मागच्या हाउसिंगचं लेव्हलचं बूच उघडा. पाणी ऑइलपेक्षा जड, त्यामुळे गाडी रात्रभर उभी राहिली असेल तर पाणी तळाला बसतं आणि वरून सगळं छान दिसतं, फसायला होतं. म्हणून गाडी थोडी चालवून लगेच बघा, किंवा उभ्या गाडीचं तळाचं बूच अगदी जरासं ढिलं करून पहिले चार थेंब वाटीत घ्या. दुधाच्या चहासारखा रंग आला किंवा आधी पाणीच आलं तर पूर्ण बदला, शे-दोनशे किलोमीटर चालवून परत एकदा बदला, कारण पहिल्या वेळी सगळं पाणी निघत नाही. दुसऱ्या वेळेपर्यंत साधं स्वस्तातलं त्याच ग्रेडचं ऑइल घातलं तरी चालेल. ब्रीदर चिखलाने बुजलाय का तेही बघा, तो बुजला की आत दाब साठतो आणि सीलं गळायला लागतात.

२०२१ नंतर कोकणातल्या बऱ्याच गाड्या माझ्याकडे आल्या. पुरातून काढल्यावर मालकांनी इंजिन खोललं, सीटं वाळवली, वायरिंग बदललं, लाखभर खर्च केला, आणि हाउसिंगचं बूच कोणी उघडलंच नव्हतं. सात-आठ महिन्यांनी मागून हूं असा आवाज घेऊन गाडी येते, वेग वाढला की आवाज वाढतो, तोवर बेअरिंगांना गंज लागून त्यांची वाट लागलेली असते. ऑइल वेळेवर बदललं असतं तर हजार-दोन हजारांत सुटलं असतं.

प्रश्न, पुण्याहून: माझी सीव्हीटी (ऑटोमॅटिकचाच एक प्रकार) सेडान आहे, ७४ हजार किमी. सर्व्हिसवाले म्हणतात गिअरबॉक्स सील्ड आहे, लाइफटाइम ऑइल, काही करायचं नाही. बाहेरचा मेकॅनिक म्हणतो कोणतंही चांगलं एटीएफ घालून बदलून देतो. कुणाचं ऐकू?

उत्तर: दोघांचंही नको. सील्ड म्हणजे डिपस्टिक नाही, एवढाच अर्थ. ऑइल आहेच, ते तापतं, झिजतं, आणि कुणाचंही ऑइल आयुष्यभर नवं राहत नाही. जर्मनीची झेडएफ ही जगातल्या मोठ्या गिअरबॉक्स बनवणाऱ्यांपैकी, तिचे गिअरबॉक्स घेणाऱ्या कार कंपन्या लाइफटाइम म्हणतात आणि झेडएफ स्वतः मात्र आपल्या ऑटोमॅटिकचं ऑइल ८० हजार ते १ लाख २० हजार किमी किंवा ८ वर्षांत बदला असं सांगते. सीव्हीटीच्या बाबतीतही बऱ्याच कंपन्यांच्या सर्व्हिसच्या तक्त्यात किलोमीटर दिलेले आहेत, तुमचं पुस्तक मागच्या पानांपर्यंत वाचा, त्यात घाट, गर्मी, ट्रॅफिक अशा वापरासाठी वेगळी कमी मुदतही असते. हिंजवडीला रोज जाणं हे त्याच रकान्यात येतं.

आणि कोणतंही एटीएफ तर अजिबात नाही. सीव्हीटीमध्ये गिअरचे दात नसतात, दोन पुल्यांच्या मध्ये पोलादी पट्टा पकडलेला असतो, आणि पोलादाने पोलादाला ऑइलच्या थरातूनच घट्ट पकडायचं असतं, घसरूही द्यायचं नाही आणि झिजूही द्यायचं नाही. हे काम फक्त त्यासाठी बनवलेलं सीव्हीटी फ्लुइडच करतं. चुकीचं घातलं तर पट्टा पुलीवर घसरतो, चरे पडतात, आणि ते चरे परत गुळगुळीत होत नाहीत.

लेव्हल बघायची पद्धतही वेगळी. बऱ्याच सील्ड गिअरबॉक्सात, साध्या ऑटोमॅटिकमध्येही, खाली एक ओव्हरफ्लोचं बूच असतं. स्कॅनर लावून ऑइलचं तापमान बघायचं, ते कंपनीने दिलेल्या टप्प्यात आलं की, काहींना ३५ ते ४५ अंश, इंजिन चालू ठेवून बूच उघडायचं. बारीक धार येऊन मग थेंब थेंब झालं की लेव्हल बरोबर. जास्त गरम असताना उघडलं तर फुगलेलं ऑइल उगाच बाहेर जातं आणि गार झाल्यावर कमी पडतं. तेव्हा मेकॅनिकला एकच प्रश्न विचारा, लेव्हल किती अंशाला सेट करणार? ज्याला उत्तर देता येईल त्याच्याकडे गाडी द्या.

प्रश्न, म्हापशाहून: पुढच्या उजव्या चाकामागे लाल तेलाचे थेंब पडतात. गाडी जुनी आहे, हाताच्या गिअरची. लाल म्हणजे गिअरबॉक्सचंच ना?

उत्तर: हाताच्या गिअरच्या गाडीत लाल थेंब दिसले की मी आधी पॉवर स्टिअरिंगकडे बघतो. जुन्या हायड्रॉलिक स्टिअरिंगमध्ये बहुधा एटीएफच भरलेलं असतं, तेच लाल. त्याच्या डबीची लेव्हल आज खडूने खूण करून ठेवा, आठवड्याने बघा. गिअर ऑइल बहुतेक वेळा मधासारखं किंवा तपकिरी, चिकट, आणि त्याला गंधकाचा असा उग्र वास असतो की एकदा हुंगला की विसरत नाही. रात्री गाडीखाली पुठ्ठा टाका, सकाळी थेंब नेमका कुठे पडलाय ते बघून पुठ्ठ्यासकट गॅरेजला जा.

प्रश्न, राजापूरहून: काढलेलं जळकं ऑइल आमच्याकडे गडगे, वासे, गुरांच्या गोठ्याची लाकडं वाळवी लागू नये म्हणून माखतात. गिअरचं काढलेलं ऑइल चालेल का?

उत्तर: गोठ्याला नको. आमच्याही घरी पूर्वी माखत असत, पण गुरं लाकूड चाटतात आणि त्या ऑइलमध्ये धातूचा चुरा आणि नको ती रसायनं असतात. पावसाने ते धुऊन खाली मातीत आणि विहिरीच्या झऱ्यापर्यंत जातं, कोकणात तर चार महिने दुसरं काही होतच नाही. लोखंडी फाटकाच्या बिजागरीला दोन थेंब घातले तर हरकत नाही. बाकीचं झाकणाच्या कॅनमध्ये भरा, पाणी किंवा पेट्रोल त्यात मिसळू देऊ नका, वर जळकं ऑइल असं ठळक लिहा, कारण तोच कॅन उद्या कोणीतरी खोबरेल भरायला घेईल, आणि पुढच्या सर्व्हिसला गॅरेजवर नेऊन द्या. मोठ्या गॅरेजांमधून ते गोळा करून शुद्ध करणाऱ्यांकडे जातं. घेणार का ते आधी फोनवर विचारून घ्या म्हणजे राजापूरहून कॅन घेऊन हेलपाटा पडणार नाही.